छोटं कॉलेज, बारीक चाळणी

आर्किटेक्चरच्या छोट्या खासगी कॉलेजांची ओळख करून देताना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: वर्गात मोजकीच मुलं असतात, आणि तिथे प्रवेश मिळणं महाकठीण असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही एकाच गुणाची दोन नावं आहेत. माझ्या मते पहिली गोष्ट या शिक्षणाचा प्राण आहे आणि दुसरी बरीचशी मिरवण्याची. कॉलेज छोटं ठेवायचं तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागणार, हे उघड आहे. पण किती जणांना नाही म्हटलं यावरून ते कॉलेज कसं शिकवतं हे कळत नाही. शिवाय नकार नेमका कुणाच्या वाट्याला येतो हे पाहिलं, तर या चाळण्या जे मोजतात त्यातलं पुष्कळसं मुलांनी घरून आणलेलं असतं.

आधी छोटेपणाबद्दल बोलू, कारण त्याची बाजू भक्कम आहे. बांधकाम साहित्य, स्ट्रक्चर, वास्तुकलेचा इतिहास हे विषय दोनशे मुलांना एका सभागृहात बसवून शिकवता येतात. चांगला वक्ता असेल तर वीस जणांपेक्षा दोनशे जणांत ते जास्त रंगतातही. डिझाइनचं तसं नाही. डिझाइन शिकवलं जातं टेबलावर. विद्यार्थी प्लॅन आणि सेक्शन (इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र) मांडून बसलेला असतो. शिक्षक शेजारी स्टूल ओढतो, त्या प्लॅनवर बटर पेपर पसरतो आणि पेन्सिलीनं जिना तीन फूट डावीकडे सरकवून पाहतो. जिना सरकला की वरच्या मजल्यावरचं लँडिंग खिडकीच्या मध्यावर येतं, खालचा बीम डोक्याला लागायला लागतो, आणि कालपर्यंत सुरेख वाटणारं सेक्शन मोडतं. मग दोघं मिळून विचार करतात की जिना मुळात इथे का होता. हा जो ‘का’ आहे, तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.

हिशेब साधा आहे. स्टुडिओची, म्हणजे डिझाइनच्या वर्गाची, दुपार चार तासांची धरली तर २४० मिनिटं होतात. एका शिक्षकाकडे १२ मुलं असतील तर प्रत्येकाला २० मिनिटं मिळतात, ४० असतील तर सहा. सहा मिनिटांत शिक्षक चूक दाखवू शकतो, पण ती कुठून आली इथवर मागे जाऊ शकत नाही. मागच्या आठवड्यात या टेबलावर काय होतं हेही त्याला आठवत नाही, त्यामुळे मुलगा पुढे सरकला की जागच्या जागी फिरतोय हे त्याला कळायचा प्रश्नच उरत नाही. मग ‘अजून डेव्हलप कर’ हे सार्वत्रिक वाक्य येतं. त्या वाक्याचा अर्थ कुणालाच माहीत नसतो, पण पिढ्यान्‌पिढ्या ते ऐकून मुलं घरी जाऊन आणखी दोन शीट काढतात.

छोट्या गटात एकमेकांचं काम पाहून शिकायचं, ही कल्पना जुनीच आहे. १८४७ साली लंडनमध्ये वास्तुविशारदांच्या कार्यालयांत उमेदवारी करणारे काही तरुण वैतागले होते. उमेदवारीत वर्षानुवर्षं दुसऱ्याची ड्रॉइंग उतरवून काढायची, आणि शिकवणार कुणीच नाही. रॉबर्ट केर आणि चार्ल्स ग्रे यांच्या पुढाकारानं ते एकत्र जमू लागले, एकमेकांना डिझाइनचे विषय देऊ लागले आणि एकमेकांच्या कामावर टीका करू लागले. त्यातून आर्किटेक्चरल असोसिएशन उभी राहिली, आणि तिची शाळा आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खासगी वास्तुशाळांपैकी एक आहे. १९७१ मध्ये तिथल्या विद्यार्थी-शिक्षकांनी शाळेच्या प्रमुखपदी मतदानानं निवडलेल्या अल्विन बोयार्स्की यांनी छोट्या शाळेचे आणखी छोटे तुकडे केले. अशा प्रत्येक तुकड्याचा, म्हणजे युनिटचा, शिक्षक वेगळा, विषय वेगळा, शिकवण्याची तऱ्हाही वेगळी. आणि कुठल्या युनिटमध्ये जायचं हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. मुलं मिळवायची तर शिक्षकांनाही आपली कल्पना पटवून द्यावी लागे, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. अहमदाबादला बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या वास्तुशाळेत हाच विचार इमारतीत उतरलेला दिसतो. तिथल्या स्टुडिओंची रचना इतकी मोकळी आहे की एका वर्गाचं काम येताजाता दुसऱ्या वर्गाच्या नजरेस पडावं.

पण छोटेपणाची मक्तेदारी खासगी कॉलेजांकडे नाही, हेही इथेच सांगायला हवं. १९५०च्या दशकात टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात जॉन हेडक, कॉलिन रो, बर्नहार्ड होस्ली, रॉबर्ट स्लुट्झ्की अशी काही तरुण मंडळी शिकवायला आली. नऊ चौकोनांच्या जाळीवर खांब, तुळया आणि पडदे मांडून अवकाश समजून घ्यायचा, हा सराव त्यांच्यातून रुजला. काही वर्षांतच त्यांची पांगापांग झाली. हेडक यांनी तो सराव न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये नेला, तर होस्लींनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम घडवला. म्हणजे एकाच बीजाची एक रोपटी छोट्या खासगी शाळेत वाढली आणि दुसरी मोठ्या सरकारी विद्यापीठात. अलाबामातल्या ऑबर्न या सरकारी विद्यापीठानंही १९९३ पासून ‘रूरल स्टुडिओ’ चालवला आहे. सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी तो सुरू केला. मुलं एका गरीब ग्रामीण जिल्ह्यात जाऊन राहतात आणि तिथल्या लोकांसाठी घरं स्वतः डिझाइन करून स्वतः बांधतात. गट छोटा, पैसा सार्वजनिक. तेव्हा ‘आमच्याकडे वैयक्तिक लक्ष दिलं जातं, म्हणून आम्ही खासगी’ हा युक्तिवाद कुणी केला तर तो मान्य करू नये. मोठ्या संस्थेलाही शिक्षक पुरेसे नेमायची इच्छा असेल तर छोटे वर्ग करता येतात.

मग खासगी असण्याचा फायदा काय? एकच, आणि तो मोठा आहे: परवानगी न मागता काहीतरी करून पाहता येतं. १९७२ मध्ये रे कॅपी हे पोमोनाच्या सरकारी पॉलिटेक्निकमधलं विभागप्रमुखपद सोडून बाहेर पडले. काही शिक्षक आणि काही विद्यार्थी बरोबर घेतले, सँटा मोनिकात एक औद्योगिक इमारत गाठली आणि शाळा सुरू केली. तीच पुढे सदर्न कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे सायआर्क. अभ्यासक्रम मंडळाची बैठक, तिचं इतिवृत्त, त्यावर हरकती, पुढची बैठक या वाटेनं असं काही घडलं नसतं. खासगी कॉलेजकडे ही मोकळीक असते. प्रश्न असा की आज ती वापरली कशासाठी जाते.

त्याआधी छोटेपणाचे काटेही पाहू. पहिला काटा गुरूचा. प्रसिद्ध अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३२ मध्ये तालिएसिन या आपल्या राहत्या ठिकाणी फेलोशिप सुरू केली. शिकायला आलेले तरुण पैसे भरून येत, शेतात आणि स्वयंपाकघरात राबत, आणि गुरुजींच्या इमारतींची ड्रॉइंग काढत. फॉलिंगवॉटर या धबधब्यावरच्या घरासारख्या गाजलेल्या इमारतीच्या कामात हात घालायला मिळणं हे भाग्यच, यात शंका नाही. पण तिथून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांचा हात आयुष्यभर राइटसारखाच चालत राहिला. छोट्या कॉलेजात आजही याची सौम्य आवृत्ती सापडते. दोन-तीन वजनदार शिक्षक असतात, त्यांची आवड चौथ्या वर्षापर्यंत सगळ्या वर्गाची आवड होते, आणि थिसिसची, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची, प्रदर्शनं एकाच माणसानं केल्यासारखी दिसू लागतात. मोठ्या संस्थेत एखाद्या शिक्षकाशी जमलं नाही तर दुसरा स्टुडिओ घेता येतो. इथे दुसरा स्टुडिओही त्याच शिक्षकाचा असतो, निदान ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांत, तरी तो बसलेला असतोच.

दुसरा काटा रात्रीच्या जागरणांचा. आर्किटेक्चरच्या सगळ्याच कॉलेजांत नाइट मारण्याच्या कथा अभिमानानं सांगितल्या जातात, पण छोट्या कॉलेजात त्याला ‘आपण सगळे एक कुटुंब’ अशी झालर लागते. कुटुंबात तक्रार लेखी द्यायची नसते, हीच त्यातली अडचण. अमेरिकेतल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेनं २००२ मध्ये स्टुडिओतल्या या संस्कृतीवर अहवाल काढला. त्यानंतर तिथल्या मान्यता मंडळानं प्रत्येक शाळेला स्टुडिओ कसा चालेल याचं लेखी धोरण ठेवायला लावलं. लेखी धोरणानं मुलं लगेच वेळेवर झोपू लागली असं नव्हे. पण झोप उडवणारं वेळापत्रक ही शिस्त नसून गैरव्यवस्था आहे, असं म्हणायला कागदाचा आधार मिळाला. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे या कागदाची गरज जास्त असते, कारण तक्रार कुणी केली हे लपवताच येत नाही.

तिसरा काटा पैशाचा. २० मिनिटं महाग असतात. बारा मुलांमागे एक शिक्षक ठेवायचा तर खर्च कुणाला तरी उचलावा लागतो, आणि शुल्क जास्त असण्यामागचं हे कारण खरं आहे. कॉलेजांनी तेच स्पष्ट सांगावं. पण पैसा टेबलावरच खर्च होतो असं नाही. कूपर युनियनची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. पीटर कूपर यांनी १८५९ मध्ये ही संस्था काढली ती शिक्षण फुकट असावं या आग्रहानं, आणि शतकाहून अधिक काळ प्रवेश मिळालेल्याला शिकवणीचे पैसे भरावे लागत नव्हते. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंग या गगनचुंबी इमारतीखालची जमीन संस्थेच्या मालकीची, तिचं उत्पन्न येई. पुढे १७.५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं गेलं, २००९ मध्ये नवी झळाळती इमारत उभी राहिली, आणि आधीच तोट्यात असलेले हिशेब आणखी बिघडले. २०१३ मध्ये शुल्क लावायचा निर्णय झाला, विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला, २०१४ पासून शुल्क सुरू झालं, आणि २०१८ मध्ये पुन्हा दहा वर्षांत फुकट शिक्षणाकडे परतायची योजना आखावी लागली. ती इमारत वास्तुकार थॉम मेन यांच्या मॉर्फोसिस या फर्मनं डिझाइन केली होती, आणि मेन हे सायआर्कच्या संस्थापकांपैकी एक. इमारतीला दोष मी देत नाही, ती पाहण्यासारखी आहे. पण जिथे इमारत कशासाठी बांधावी हे शिकवलं जातं, अशा संस्थेचा पाय इमारतीच्या कर्जात अडकावा, याची नोंद या व्यवसायानं फारशी घेतलेली दिसत नाही.

छोट्या संस्था नाजूकही असतात. तालिएसिनच्या शाळेच्या मंडळानं जानेवारी २०२० मध्ये शाळा बंद करायचं ठरवलं होतं. नंतर निर्णय फिरला, शाळा दुसऱ्या जागी गेली आणि वेगळ्या नावानं चालू राहिली. सरकारी असण्यानं ही जोखीम टळते असंही नाही. जर्मनीतल्या बाउहाउस या सरकारी कला-वास्तुशाळेला वायमार आणि देसाउ ही शहरं सोडावी लागली ती राजकारणामुळे. बर्लिनमध्ये तिचे शेवटचे संचालक मीस व्हॅन डर रोह यांनी ती खासगी म्हणून चालवून पाहिली, तर १९३३ मध्ये तिथेही नाझींनी गाठलंच. एकाला सत्ता मारते, दुसऱ्याला ताळेबंद.

आता चाळणीकडे येतो. प्रतिष्ठित छोटी कॉलेजं नुसते गुण पाहत नाहीत, हे त्यांचं खरंच चांगलं आहे. पोर्टफोलिओ मागतात, मुलाखत घेतात. कूपर युनियन तर अर्जदारांना घरी बसून करायचे डिझाइनचे सराव देते, ज्यांना ठरलेलं उत्तर नसतं. गुणांच्या यादीपेक्षा ही पद्धत कितीतरी शहाणी. विचार कसा चालतो ते तरी तिच्यात दिसतं. पण आणखी काय दिसतं? घरी शांत टेबल आहे का, ते दिसतं. रंग, पुठ्ठा, कटर आणायला पैसे होते का, केलेलं काम पाहून ‘हे काढून टाक, ते मोठं कर’ असं सांगणारं कुणी होतं का, तेही दिसतं. कुठलीही परीक्षा चार वर्षं टिकली की तिची शिकवणी निघते. पोर्टफोलिओची शिकवणी तर स्वाभाविक कुतूहल कसं दाखवावं हेसुद्धा शिकवते. मुलाखतीत आर्किटेक्टचं मूल साइट, क्लायंट, मटेरियल हे शब्द सहज वापरतं, कारण ते घरातच ऐकलेले असतात. समोरच्यांना ती परिपक्वता वाटते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. माणसं आपल्यासारखी माणसं निवडतात, इतकंच.

याचा परिणाम फक्त नाकारलेल्या मुलांवर होत नाही, इमारतींवरही होतो. स्वतःची खोली असलेल्या घरांतून आलेली चाळीस मुलं एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कुटुंबांसाठी घरं आखतात तेव्हा हॉल, किचन, बेडरूम अशी वाटणी त्यांच्या हातातून आपोआप उतरते. रात्री अंथरुणं कुठे पडतात, दिवसा ती कुठे जातात, पाण्याची भांडी कुठे ठेवायची, अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या पाठीमागून कोण ये-जा करतं, हे त्यांना सर्वेक्षण करून शोधावं लागतं. ज्याला हे माहीतच आहे असं एखादं मूल त्या स्टुडिओत असेल तर शेजारच्या टेबलावरची चार मुलं सर्वेक्षणाशिवाय ते शिकतील. छोट्या वर्गाचा फायदा एकमेकांकडून शिकण्यात असेल, तर ‘एकमेक’ कोण आहेत याला महत्त्व आलंच.

चाळणीच्या बाजूनं नेहमी दिला जाणारा पुरावा म्हणजे माजी विद्यार्थ्यांची यादी. झाहा हदीद आणि रेम कूलहास हे जगप्रसिद्ध वास्तुकार दोघंही आर्किटेक्चरल असोसिएशनचे. पण हदीद तिथे आल्या त्या बैरूतमध्ये गणित शिकून, कूलहास आले ते पत्रकारिता आणि पटकथालेखन करून. ही माणसं दारात पाऊल ठेवतानाच असाधारण होती. शाळेनं त्यांच्यात किती भर घातली? काहीतरी नक्कीच घातली, पण श्रेय मात्र ती पूर्ण घेते. उलट टोकाला जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांचं उदाहरण देतात: मुष्टियुद्ध खेळलेला, वास्तुकलेची पदवी नसलेला माणूस १९९५ मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार घेतो. तेही फार ताणू नये. एका आंदोंमागे संधीच न मिळालेले किती असतील, ते कुणीच मोजलेलं नाही. कॉलेज जोखायचं तर पहिल्या वर्षाचं पहिलं काम आणि पाचव्या वर्षाचं शेवटचं काम शेजारी ठेवावं, तेही वर्गातल्या मधल्या मुलाचं. असं प्रदर्शन भरवणारं कॉलेज माझ्या पाहण्यात नाही. सगळीकडे उत्तम थिसिस टांगलेले असतात.

माझी सूचना अशी. चाळणी राहू द्या, पण ती फक्त पात्रता ठरवण्यासाठी. या मुलाला नीट पाहता येतं का, समोरच्या वस्तूचं प्रामाणिक चित्र काढायची धडपड दिसते का, वाचलेलं समजतं का, एका प्रश्नावर तीन दिवस टिकून राहतो का, एवढं तपासा. जे पात्र ठरतील त्यांच्यात जागांसाठी सोडत काढा. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेश कित्येक दशकं गुणांचं वजन देऊन काढलेल्या सोडतीनं होत असत. तिथे डॉक्टर बिघडले नाहीत. आर्किटेक्चरमध्ये तर सोडतीचं समर्थन जास्त सोपं आहे. ज्यानं ज्युरीत एक दुपार काढली आहे त्याला ठाऊक असतं की एकाच शीटवर एक परीक्षक खूश असतो आणि दुसरा चिडलेला. पाच वर्षं शिकलेल्या मुलाच्या कामाबद्दल ज्यांचं एकमत होत नाही, ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची यादी करून चाळिसावा आणि एकेचाळिसावा यांच्यातला फरक आपल्याला कळतो असं म्हणतात, तेव्हा ते स्वतःचीच समजूत घालत असतात.

यावरचा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप नाकारल्या गेलेल्यांच्या बाजूनं येतो: सोडतीत हरलं तर मेहनतीला अर्थ काय? मला तो आक्षेप समजतो. पण आजही त्या रेषेवरच्या मुलांचा निकाल नशिबानंच लागतो, फक्त तो नशिबानं लागला हे त्यांना कुणी सांगत नाही. ती मुलं आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजून घरी जातात. सोडतीत हरलेला निदान स्वतःला दोष देणार नाही. दुसरा आक्षेप कॉलेजांचा, तो बोलून दाखवला जात नाही: सोडत काढली तर निवडक असण्याचा दिमाख जाईल. जाईल खरा. मग शिकवण्यावर नाव मिळवावं लागेल.

सरकारी विद्यापीठाला असा बदल करायचा तर नियम, न्यायालयं, आंदोलनं यातून जावं लागेल. बरंचसं स्वतःच्या हातात ठेवलेल्या खासगी कॉलेजाला तुलनेनं कमी अडथळे आहेत. सगळ्या जागांसाठी धीर होत नसेल तर निम्म्या जागा आजच्या पद्धतीनं भराव्यात आणि निम्म्या पात्र मुलांच्या सोडतीनं. कोण कुठल्या गटातून आलं हे शिक्षकांनाही सांगू नये. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या थिसिसची ज्युरी बाहेरच्या परीक्षकांकडून, नावं झाकून, करून घ्यावी आणि मधेच शिक्षण सोडून गेलेल्यांसकट सगळे आकडे जाहीर करावेत. आपल्या चाळणीवर खरोखर विश्वास असलेल्या कॉलेजाला याला नाही म्हणायचं काही कारण मला तरी दिसत नाही.